खिडकीतून चढणाऱ्यांची शर्यत

नवी मुंबईत पाम बीच रोड आहे, बीच नाही. एका अंगाला खारफुटी, चिखल आणि हंगामात फ्लेमिंगो. पण वाशी ते बेलापूर हा ऐसपैस पट्टा दिसला की सज्जन माणसाचाही उजवा पाय जड होतो. 2025 साली तर याच रस्त्यावर मोटारींची शर्यत भरवायची घोषणा झाली. नेरूळला राहणाऱ्या प्रस्तुत लेखकांचा पायही जड होतो, पण त्यांची जुनी गाडी सत्तरच्या पुढे देवाचं नाव घेऊ लागते. म्हणून वेगाची हौस ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर, आवाज बंद ठेवून मोबाइलवर भागवतात. तिकडे फ्लोरिडात दुपार असते आणि ‘डेटोना 500’ सुरू होत असते.

“अहो, हे नुसतेच गोल गोल का फिरतायत?” सौ.नी उशीवरून विचारलं.

प्रश्न रास्त होता. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरचा. त्याच्या 200 फेऱ्या म्हणजे 500 मैल. आपला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. तो अख्खा संपवून वर आणखी शंभर. 1980 साली बडी बेकरने हे अंतर तीन तासांच्या आत कापलं आणि निघाला होता तिथेच येऊन पोहोचला. नागपूर नाही, संत्री नाही.

ट्रॅकची वळणं 31 अंशांनी कललेली आहेत. एवढा भराव घालायला माती हवी, म्हणून ट्रॅक बांधणाऱ्या बिल फ्रान्स यांनी मैदानाच्या मधोमधच खणलं. 1959 साली ट्रॅक सुरू झाला. मधल्या खड्ड्याचं तळं झालं आणि त्याचं ‘लेक लॉइड’ असं नामकरणही झालं. ही प्रथा आपल्याकडे आली तर पहिल्याच पावसाळ्यात नावं संपतील.

इथे पळतात त्या ‘स्टॉक कार’, म्हणजे दुकानातून घेतली तशीच्या तशी गाडी. 1948 साली या शर्यती भरवणारी ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली तेव्हा हे बऱ्यापैकी खरं होतं. आता गाडीचे पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रं असतात आणि दार उघडतच नाही. ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्या एसटीत ज्यांनी खिडकीतून आधी रुमाल आणि मागोमाग पोरगं टाकलं आहे, त्यांना याचं काय कौतुक!

या खेळाचं मूळ मात्र हातभट्टीत आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून चोरटी दारू पोचवणारे लोक पोलिसांना चुकवायला इंजिनाची ताकद वाढवत आणि मागच्या स्प्रिंगा कडक करत, म्हणजे माल भरला तरी गाडीची पाठ बसलेली दिसू नये. त्यांच्यातलं बडं नाव ज्युनियर जॉन्सन. पठ्ठ्या रस्त्यावर कधी गावला नाही. 1956 साली गावला तो वडिलांच्या भट्टीवर, पायी! तुरुंगात जाऊन आला. पुढे तीस वर्षांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला रीतसर माफी दिली.

1960 च्या डेटोनाला त्याची शेवरोले पाँटियॅक गाड्यांपुढे मंद पडत होती. सरावात त्याला उमगलं, की पुढच्याच्या बुडाला चिकटलं तर आपली गाडीही तितकीच पळते. पुढचा हवा फाडतो आणि मागच्याला फुकटात वाट मिळते. गंमत म्हणजे मागे कोणी चिकटलं, की पुढच्याचाही वेग वाढतो. जॉन्सन ती शर्यत जिंकला आणि या चिकटण्याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणू लागले. हार्बर लाइनने रोज जाणाऱ्यांना हे शास्त्र शिकवावं लागत नाही. ते नुसतं “उतरणार का?” एवढं विचारतात आणि एखादी धिप्पाड पाठ धरतात. उरलेलं काम मागचे करतात.

वेग वाढत गेला. 1987 मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी 342 किलोमीटर गाठले. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनचा टायर फुटला आणि गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर गेली. मग 1988 पासून या दोन ट्रॅकवर इंजिनाच्या नरड्यात भोकांची पट्टी बसवली गेली. हवा कमी, ताकद कमी. पण सगळ्यांचाच गळा सारखा आवळल्यामुळे कोणीच कोणाला सोडून पुढे जाईना. चाळीस गाड्यांचा एकच घोळका, आणि एक चुकला की वीसजण आडवे. सुरक्षिततेच्या उपायाने गर्दी वाढावी, हे सायन-पनवेल रस्त्यावर वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपला नारायण कार्तिकेयनही 2010 साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला होता. शर्यती मोजक्याच केल्या, पण चाहत्यांच्या मतांवर त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. मतदान ऑनलाइन होतं, एवढं सांगितलं की पुरे.

इतक्यात पडद्यावर पिवळा बावटा फडकला आणि गाड्या वरातीच्या चालीने निघाल्या. ती संधी साधून लेखकांनी सौ.ना 2012 ची गोष्ट सांगायला घेतली. पावसामुळे डेटोना 500 पहिल्यांदाच सोमवारवर गेली होती. अशाच पिवळ्या बावट्यात हुआन पाब्लो मोंतोयाची गाडी बिघडली आणि जाऊन आदळली ती ट्रॅक वाळवणाऱ्या ट्रकवर. त्या ट्रकवर जेट इंजिन. इंधन सांडलं, पेटलं, सगळा उतार भडकला. ड्रायव्हर गाड्या थांबवून बाहेर उभे. ब्रॅड केसेलोव्स्कीने तर गाडीतला फोन काढून ट्वीट केलं. आग विझली, पण तेलकट थर राहिला. तेव्हा कर्मचाऱ्यांनी टाइडची पावडर आणली आणि ट्रॅक घासायला घेतला.

सौ. उठून बसल्या. चष्मा लावला. त्या रात्रीत पहिल्यांदाच त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

“डाग गेला का?”