पिकोमीटरवाले सर

ऑप्टिकल फायबरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत असे एक सर असतातच. त्यांच्यापुढे 'आज उकडतंय' म्हणायची सोय नाही. "म्हणजे किती?" आकडा सांगितलाच, तर "कशाने मोजलास?" घरात कुणाला ताप आला, की आधी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य तपासायला निघतात. त्यावरचे आकडे ३५ पासूनच सुरू होतात म्हणून बनवणाऱ्याला नावं ठेवतात. तोवर ताप उतरलेला असतो.

सरांचं दुःख एकच, काच फार थंड डोक्याची! १२५ मायक्रॉन जाडीच्या फायबरमध्ये लेझरने ग्रेटिंग कोरलेलं असतं. ते एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतं आणि तापमान वाढलं की ही तरंगलांबी सरकते. पण किती? १५५० नॅनोमीटरच्या आसपास, अंशाला जेमतेम १० पिकोमीटर. तेही मुख्यतः काचेचा अपवर्तनांक बदलतो म्हणून. काच स्वतः फुगते ती नावापुरती. वरातीत हाताची घडी घालून उभे असलेले काका असतात ना, तसं. त्यांना नाचवायला उत्साही मेहुणा लागतो. ॲल्युमिनियम हा तो मेहुणा, फुगण्यात काचेच्या चाळीसपट. त्याचा लेप पुरेसा जाड आणि घट्ट चढवला, की तो काकांनाही ओढत नेतो आणि अंशामागचं सरकणं दुपटीच्याही वर जातं. मेहुण्याचा हात सुटला, म्हणजे लेप काचेवरून घसरला, की पंचाईत. तापतानाचा आलेख एका वाटेने, निवतानाचा दुसऱ्या. त्या दिवशी सर डबा उघडत नाहीत.

लेप चढवण्याआधी फायबरवरचं मूळचं ॲक्रिलेटचं आवरण सोलायचं, काच अल्कोहोलने पुसायची आणि मग तिला कुणी बोट लावायचं नाही. सोललेला तुकडा खाली पडला तर अख्खी लॅब टॉर्च आणि सेलोटेप घेऊन गुडघ्यांवर. दिसत नाही, पण पायात बरोबर शिरतो.

एकदा भर दुपारी पडद्यावरचं तापमान ३ अंशांनी चढलं. सरांनी वॉटर बाथ तपासला, जोड तपासले, खिडकीतल्या उन्हावर संशय घेतला. शेवटी गुन्हेगार सापडला: फायबर चिकटवलेल्या पट्टीवर कोपर टेकून डुलक्या घेणारा एम.टेक.चा मुलगा. ग्रेटिंगला ताण आणि उष्णता यांतला फरक कळत नाही. दोन्हींनी ते सारखंच सरकतं. सर ओरडले नाहीत. "तुझं कोपर तीन अंशांचं आहे," एवढंच म्हणाले आणि वहीत नोंद केली. आता शेजारी दुसरं एक फायबर मोकळं, ताण न देता ठेवलेलं असतं. मुलाला स्टूल लांब दिलंय.

एप्रिलात लॅबचा एसी बंद पडला. मुलं घामाने निथळत होती आणि सरांचा चेहरा खुललेला. कॉम्प्रेसर चालू-बंद व्हायचा तसा आलेखही वरखाली व्हायचा, तो एकदाचा सरळ आला होता. तेवढ्यात शिडी खांद्यावर घेऊन एसीवाला दारात.

"साहेब, मशीन कुठंय?"

"हळू बोला, रीडिंग चालू आहे," सर कुजबुजले. "आणि दार लावून घ्या. सोमवारी या."