उजेडाचे विकेंद्रीकरण

लोकशाही विकेंद्रीकरणाचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यातील माणसाची मान किंचित ताठ होते, आणि ती व्हावीही. कारण महाराष्ट्र राज्याने १९६० साली या कामी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुसदच्या वसंतराव नाईकांकडे होते, आणि स्वतः महसूलमंत्री असतानाही त्यांच्या समितीने कलेक्टरसाहेबांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्याची शिफारस केली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा अंमल सुरू झाला. तथापि, त्याच पुसदेत आज एखाद्या होतकरू तरुणाने आपल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून एखादा साधा, बिनदिमाखाचा, उजेडाची व्यवस्था स्वतः न पाहणारा विंडो मॅनेजर पसंत केला, तर त्या चौदा इंची मुलखात अद्याप निखळ सुभेदारी नांदते, हे त्याला पहिल्याच भारनियमनाच्या रात्री, बॅटरी वाचविण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करू जाता, कळून चुकते.

मामला वस्तुतः क्षुल्लक आहे. ‘सिस’ नामक दफ्तराच्या ‘बॅकलाइट’ विभागात ‘ब्राइटनेस’ नावाची फाइल असते. तीत एकच आकडा, आणि शेजारच्या ‘मॅक्स ब्राइटनेस’ फाइलीत त्याची कमाल मर्यादा. पहिला आकडा लहान केला की पडदा मंदावतो. परंतु फाइलीची मालकी ‘रूट’ नामक सर्वाधिकाऱ्याकडे, आणि तिच्यावरील शिक्का ६४४ चा, म्हणजे मालकास वाचण्या-लिहिण्याची व रयतेस केवळ वाचण्याची मुभा. सबब आपले डोळे नेमके किती दिपत आहेत याचा अधिकृत आकडा प्रजाजनाला केव्हाही विनामूल्य पाहता येतो. रूटचा अधिकार तात्पुरता उसना देणाऱ्या ‘सुडो’कडे दाद मागावी, तर नाव परवानगीच्या यादीत नसल्यास, घडला प्रकार वर कळविण्यात येईल, अशी समज मिळते, आणि वर म्हणजे रूटकडे, अर्थात त्याच खुर्चीत बसलेल्या त्याच गृहस्थाकडे, ज्याला अर्जदार, आरोपी आणि सुभेदार या तिन्ही भूमिका एकट्यानेच वठवाव्या लागतात.

या कायद्यामागे शहाणपण नव्हते असे नाही. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी लिनक्सने पुढे जिचा कित्ता गिरवला त्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, आणि पुढे एकाच यंत्रावर अनेकांचे बिऱ्हाड पडू लागले, तेव्हा एकाने दुसऱ्याच्या साधनांस हात लावू नये हा दंडक रास्तच होता. पुढे यंत्र मांडीवर आले, रयत एकावर आली, आणि दंडक मात्र जागच्या जागी राहिला. शिवाय काही यंत्रांवर शून्य लिहिताच पडदा पार विझतो, हे सुभेदारपक्षाचे आवडते कारण आहेच; जणू अंधारात चाचपडण्याचा हक्कही सरकारजमा असावा!

त्रासलेली रयत मग उलट्या टोकाला जाते: चिमूटभर उजेडासाठी पासवर्डाविना सुडोचे सर्वाधिकार स्वतःला बहाल करते, किंवा फाइलीवर सर्वांस सर्व मुभा देणारा ७७७ चा शिक्का उठवते, जो दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू होताच पुसला गेलेला असतो, कारण ते दफ्तर दर वेळी नव्याने मांडले जाते. खरा मार्ग नाईक समितीच्या वळणाचा आहे, म्हणजे नेमका अधिकार नेमक्या हाती देणे: उपकरणांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘यूडेव’मध्ये नियम घालावा की पडद्याचा दिवा हजर होताच त्याची ती एक फाइल ‘व्हिडिओ’ या गटाकडे सुपूर्द व्हावी व गटास लिहिण्याची मुभा मिळावी, आणि आपले नाव त्या गटात घालावे. तेही नको असेल, तर यंत्रातील सेवा चालविणाऱ्या ‘सिस्टमडी’च्या २०१९ सालच्या २४३ व्या आवृत्तीपासून तिचा ‘लॉगइनडी’ हा घटक प्रत्यक्ष समोर बसलेल्या इसमास उजेड बदलू देते, आणि ‘ब्राइटनेससीटीएल’सारखी साधने त्या सोयीचा लाभ घेतात.

लिनक्सचे वितरण तयार करणाऱ्या मंडळींनी ही तजवीज घरपोच करावी. आणि वाचकांनी उजेडासाठी उजेडापुरताच अधिकार मागावा, कारण दिव्याची वात खालीवर करण्यासाठी जो खजिन्याच्या किल्ल्या मागतो, त्याला सुभेदारीचा राग नसून सुभेदाराचा हेवा वाटत असतो.