शिबंदीचे बळ

१९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने गिरणीतील शुभ्र तांदळाविरुद्ध तक्रार गुदरली, तिचे एक कारण असे की, यंत्र कोंड्याबरोबर धान्यातील ‘ब’ जीवनसत्त्वही उडवून देते. परंतु हातसडीचा खटाटोप ज्यांच्या प्रतिष्ठेस मानवला नाही, त्या सुज्ञ नागरिकांनी तेच जीवनसत्त्व रोख रक्कम मोजून गोळीच्या रूपाने परत आणण्याचा प्रघात पाडला आहे. या गोळीची झडती घेतली असता असे आढळते की, काही मिलिग्रॅमच्या त्या नाजूक सरदाराच्या दिमतीस सेल्युलोज, टाल्क, मॅग्नेशियम स्टीअरेट आणि प्रसंगी साक्षात तांदळाचे पीठ अशी भलीमोठी शिबंदी तैनात असते. आणि तिला सर्वस्वी बांडगूळही म्हणवत नाही, कारण तिच्यावाचून एवढा अल्प ऐवज चिमटीत सापडावा कसा? तथापि हे सेल्युलोज लाकडापासून वा कापसाच्या तंतूंपासून सिद्ध होते, हे हिंगणघाटच्या शेतकऱ्यास कळल्यास, आपले पांढरे सोने शहरवासी जीवनसत्त्वाच्या दराने गिळतात याबद्दल त्याने कृतार्थता मानावी की फरकाच्या रकमेसाठी अर्ज करावा, याचा निवाडा कोणत्याही मामलेदाराच्या अखत्यारीत येत नाही.