आप्पांचा टाका

आप्पांना कोण ओळखत नाही? निमोण्यात एक आहेत, चिंचणीत एक आहेत, न्हावऱ्यात तर आळीगणिक एक सापडेल. पायजमा, टोपी, खिशात तंबाखूची डबी आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सुतळीनं बांधलेलं, वाकलेलं, फाटलेलं काहीतरी लोखंड. वेल्डिंगच्या दुकानासमोर गाडी पुरती थांबायच्या आतच त्यांचं वाक्य आत पोचतं, “काय नाय रं, एक टाका मार.”

टाका म्हणजे दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला मारलेला वेल्डिंगचा ठिपका. जुळणी झाली की त्यावरून पक्की वेल्डिंग ओढायची, असा कामाचा रिवाज. आप्पांच्या संसारात ती पक्की वेल्डिंग कधी आलीच नाही. फाटकाची बिजागरी एका टाक्यावर, बाजेचा पाय एका टाक्यावर. एकदा घोडनदीच्या बाजाराला जाताना ट्रॉलीचं फाळकं भर रस्त्यात उघडलं आणि कांद्यानं डांबर झाकलं. आप्पांनी उतरून आधी तुटलेली जागा पाहिली आणि निकाल दिला, “टाका बरोबर हुता. कांदा जड हुता.”

या टाक्याचा खरा कळस गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या कव्हरावर चढला. पट्ट्यावरचं ते पत्र्याचं कव्हर पहिल्यांदा ट्रॉली मागं घेताना चेपलं. तेव्हा दुरुस्ती योग्यच होती. पत्रा जाड होता, बोल्टाचे कान शाबूत होते. ठोकून सरळ केलं की काम भागणार होतं. आप्पांनी तरी वर एक टाका मारून घेतलाच, आलोच आहोत म्हणून.

पुढं गाईनं लाथ मारली. मग एक कान तडकला. मोटारीच्या थरथरीनं तडा वेल्डिंगशेजारून पुढं सरकला, तिथं टाका. तो आणखी सरकला, तिथं टाका. मध्येच गोमूत्र आणि पावसानं खालची कड खाल्ली. तिसऱ्या वर्षी त्या कव्हरात पत्रा किती आणि टाके किती, हे सांगणं अवघड झालं.

आयटीआय झालेल्या वेल्डरनं त्यावर हातोडी टिचकावली. चांगला पत्रा खणखणतो, हा थपथपला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. गंजून कागद झालेल्या पत्र्याला रॉड लावला की जोड बसायच्या आधी भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलं की ते मोठं होतं. पोरगा शेवटी म्हणाला, “आप्पा, हे आता टाका.”

“कुठं टाका? ह्या कोपऱ्याला?”

“मारायचा नाही हो. टाकायचं. भंगारात.”

“मंजी दोन लागतील म्हन की.”

मराठी भाषेनं आप्पांची अशी कायमची सोय करून ठेवली आहे. दुकानात तीच गंमत दर महिन्याला होई आणि कव्हर दर वेळी वजनानं थोडं वाढून घरी जाई.

पुतण्या रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. त्याच्या कंपनीत कव्हर उघडलं की मशीन आपोआप बंद पडतं, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. आप्पा म्हणाले, “लाजाळू दिसतंय.” मग पुतण्यानं कायदा काढला. कारखान्यातल्या फिरत्या भागांना भक्कम आडोसा हवा, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगत होतं. मळणीयंत्रं डोळ्यांपुढं ठेवून संसदेनं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा केला. आप्पांनी शांतपणे विचारलं, “त्यात कुट्टीचं नाव हाय का?” पुतण्या गप्प.

आप्पांचे वैचारिक पूर्वज इंग्लंडातही होते. यंत्रांना कुंपण घालायच्या कायद्याविरुद्ध तिथल्या गिरणीमालकांनी १८५५ साली चक्क संघटना काढली आणि चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकानं तिची पुरती सालटी काढली. त्या मालकांना खर्च नको होता. आप्पांचं दुखणं वेगळं. ७२ च्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. आईबाप खडी फोडायला जात आणि घरात मिलोची लाल भाकरी असे. त्या साली घरातलं काहीच टाकलं गेलं नाही, कारण टाकण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून ‘टाकून द्या’ हा शब्द त्यांच्या कानात शिरतो, पण आत बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात कव्हराची खालची कड निखळून चार बोटांची फट पडली. दोन एचपीची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तीन इंची पुलीवर पट्टा सेकंदाला पावणेसहा मीटरनं पळतो. सून वैरण लावत होती. पदराचं टोक फटीतून आत गेलं आणि क्षणात वीतभर लुगडं फाटून पट्ट्यासोबत निघून गेलं. जुनं, विरलेलं होतं, म्हणून फाटलं. नवं असतं तर फाटलं नसतं. बटण बंद केल्यावरही कुट्टीचं जड चाक बराच वेळ फिरत राहिलं. आप्पा ते थांबेपर्यंत बघत उभे होते.

संध्याकाळी सून ओसरीवर सुईदोरा घेऊन बसली.

“पोरी, टाक ते,” आप्पा म्हणाले.

“का? एक टाका घातला की झालं,” ती मान वर न करता म्हणाली.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी ते वेल्डरच्या दारात रिकाम्या गाडीनं उभे राहिले, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. जाड पत्र्याचं नवं कव्हर सांगितलं, बोट आत जाणार नाही अशी जाळी सांगितली आणि घासाघीस न करता पैसे मोजले. नोटा मात्र दोनदा मोजल्या. जुनं कव्हर आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी त्यांना खात्री आहे.

कव्हर बसवायला पोरगा गोठ्यात आला. चारी बोल्ट पान्यानं आवळले, मोटर चालू करून कान लावला. आप्पा वाकून, डोळे बारीक करून प्रत्येक बोल्ट बघत होते.

“ढिला व्हनार नाय ना?”

“नाही आप्पा.”

“न्हाईतर... एक टाका मारून ठेव.”

“मग पट्टा बदलायला उघडायचं कसं?”

आप्पांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “बारका मार.”