जोखीम क्रमांक १७

आमच्या केंद्रात एक मोठं यंत्र होतं. बघायला येणारे पाहुणे आधी "बापरे" म्हणत आणि मग "हे नेमकं करतं काय?" असं विचारत. उत्तर द्यायला आमच्याकडे चौदा डॉक्टरेटवाले होते, त्यामुळे उत्तरंही चौदा मिळत. मी लेखा विभागातला. ३१ वर्षं त्या यंत्राची बिलं पास केली. अणूच्या पोटात काय असतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण यंत्राच्या पोटात किती व्हॅक्यूम पंप होते आणि त्यातल्या कुठल्याची वॉरंटी कधी संपली, हे झोपेतून उठवून विचारा.

हे यंत्र ज्यांच्या गळ्यात होतं त्यांना सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणत. बाकीचे तेराही डॉक्टरच होते, पण हाक मारली की वळायचे हेच. नाव सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही. जगातल्या प्रत्येक मोठ्या यंत्राशेजारी असा एक माणूस उभा असतो. खिशात दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर मांडवात आचारी न आलेल्या वधूपित्याचा भाव.

या पदासाठी कोणी अर्ज करत नाही. आमच्या डॉक्टरांची नेमणूक ते गैरहजर होते त्या बैठकीत झाली. तोवर ते चांगले शास्त्रज्ञ होते म्हणतात. मग एके दिवशी संचालक म्हणाले, "वर्षभर बघा हो, तोवर कोणीतरी मिळेल." कोणीतरी मिळेपर्यंत डॉक्टरांचे केस पांढरे झाले. शेवटचा शोधनिबंध अर्धवट राहिला तो कपाटात, टेंडरच्या फायलींच्या खाली. वर ठेवला असता तर मीच कधीतरी चुकून मंजूर केला असता.

नेमणूक झाल्यावर त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. मडकं वाजवून घेणारे आपण, माणूस मात्र नेमून झाल्यावर वाजवतो. इटलीत, मिलानच्या बिकोका विद्यापीठात, संशोधन-सुविधा कशा चालवाव्यात याचा खास पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आमच्या वाट्याला पाच दिवसांचं निवासी शिबिर आलं, न्याहारीसकट. मीही होतो तिथे. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर 'खरेदीचे नियम' या विषयावर माझं व्याख्यान होतं. त्या दिवशी श्रीखंड होतं. माझ्या व्याख्यानात जागे राहिले ते डॉक्टर एकटेच. त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही ३१ मार्चबद्दलचे. हा माणूस टिकणार, असं मला तेव्हाच वाटलं.

पण त्यांची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली होती. प्रशिक्षकांनी गट पाडले, प्रत्येक गटाला खराट्याच्या वीस काड्या आणि हातभर सुतळी दिली आणि सांगितलं, मनोरा बांधा, वर एक बटाटा राहिला पाहिजे, वीस मिनिटं. डॉक्टरांच्या गटात सगळे पदार्थविज्ञानवाले. बटाटा बिंदुवत धरायचा की गोल, यावर बारा मिनिटं गेली. उरलेल्या आठांत एकाने काडीच्या लवचीकतेचं समीकरण मांडलं आणि दुसऱ्याने त्यातली चूक दाखवली. डॉक्टर तेवढ्यात उठून स्वयंपाकघराकडे गेले होते. परत येऊन हळूच म्हणाले, "बटाटे आलेलेच नाहीत. संध्याकाळच्या गाडीने येणार आहेत." पाचही गट नापास झाले. प्रशिक्षकसुद्धा.

शिबिरातून डॉक्टर दोन गोष्टी घेऊन आले. एक, भिंतभर वेळापत्रक, ज्यात प्रत्येक काम एका रंगीत पट्टीत कोंबलेलं. गँट नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ते ओळखलं जातं. आमच्याकडे ते जिन्याशेजारी लावलं होतं आणि लोक त्यात आपल्या रजा बघत. दुसरी गोष्ट, जोखीम-नोंदवही. काय काय बिघडू शकतं ते क्रमांकवार लिहायचं, शेजारी उपाय आणि खर्च.

याखेरीज एक तिसरी गोष्ट होती, ती कुठल्याच शिबिरात शिकवलेली नव्हती. डायरीच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी एक शब्दकोश केला होता. मी एकदा तो वाचला. ते चहा आणायला गेले होते. शास्त्रज्ञ 'झालंच' म्हणाला तर तीन महिने. 'तत्त्वतः झालंय' म्हणाला तर सुरुवात नाही. ठेकेदाराचं 'उद्या' म्हणजे दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते विचारून घ्यावं. भांडारपालाचं 'बघतो' म्हणजे नाही. परदेशी कंपनीचं 'माल निघाला' म्हणजे पत्र निघालं. आप्पा फिटरचं 'जमंल की' म्हणजे कालच झालंय, फक्त कागद नाही. आणि सगळ्यात खाली : लेखा विभागाचं 'चर्चा करा' म्हणजे त्यांनी फाइल वाचलेली नाही.

शेवटची नोंद बरोबर होती.

बाकीच्यांच्या टेबलाच्या काचेखाली आइन्स्टाइन असायचा. डॉक्टरांच्या काचेखाली बॅरी बॅरिश. मी विचारलं, हे कोण? तेव्हापासून ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की आता माझीच असल्यासारखी सांगतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये वॅक्सहॅचीजवळ ८७ किलोमीटर परिघाचं महायंत्र बांधायला घेतलं होतं. दोनेक अब्ज डॉलर खर्च झाले, सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणून झाला, अंदाजपत्रक मात्र दुपटीवर गेलं, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये तिथल्या संसदेने कामच बंद पाडलं. त्या कामावरचे बॅरिश मोकळे झाले आणि १९९४ मध्ये 'लायगो' या गुरुत्वीय लहरी पकडण्याच्या प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे आली. विज्ञान आधीच होतं, गाडं रुतलं होतं. त्यांनी माणसं नेमली, कामाच्या पायऱ्या लावल्या, खर्चाचा हिशेब खरा मांडला. सप्टेंबर २०१५ मध्ये लहर सापडली आणि २०१७ च्या नोबेलमध्ये त्यांना पाव वाटा मिळाला.

"पाव!" डॉक्टर बोट वर करून म्हणायचे. "भाऊसाहेब, नीट व्यवस्थापन केल्याबद्दल पाव नोबेल!"

मी म्हटलं, ते शास्त्रज्ञही होते ना. त्यावर डॉक्टर गप्प झाले आणि त्यांची नजर त्या कपाटाकडे गेली. त्यानंतर मी असले शेरे फक्त फायलीवर मारले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये औंढा नागनाथच्या लायगो-इंडियाला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. आम्ही दोघेही तोवर निवृत्त झालो होतो. तरी त्यांचा रात्री फोन : "भाऊसाहेब, चार चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात! हिंगोलीत! वेल्डिंगवर कोण लक्ष ठेवणार?" वेल्डिंगच्या काळजीने जागणारा पेन्शनर मी तेवढाच पाहिला.

त्यांचा दुसरा आवडता विषय हबल दुर्बीण. १९९० मध्ये ती वर गेली आणि कळलं की आरसा चुकीचा घासला आहे. घासताना तपासणी करणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी होतं. डॉक्टरांचा राग त्या १.३ वर नव्हता. दुसऱ्या, जरा साध्या उपकरणांनी गडबड दाखवली होती आणि भारी उपकरणाच्या भरवशावर ती बाजूला सारली, यावर होता. "साध्याचं ऐकायचं," म्हणत ते खाली पंपांच्या खोलीत जायचे. एकदा मला घेऊन गेले. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. आप्पा फिटर म्हणाला, "सर, सहा नंबर कण्हतोय." डॉक्टरांनी हातभर लांब पेचकस घेतला, टोक पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. मग पेचकस मला दिला. मला फक्त घुर्रर्र ऐकू आलं आणि कानाला ग्रीस लागलं. पंप बंद केला. रात्रपाळीचा प्रयोग बुडाला म्हणून एका तरुण शास्त्रज्ञाने संचालकांना दीड पानी पत्र लिहिलं. बेअरिंग उघडलं तर पिंजऱ्याला तडा गेलेला. बेअरिंगचं बिल माझ्याकडे आलं, पत्राची प्रतही आली. आप्पाच्या कानाची नोंद कुठे करायची, याचा मात्र रकाना नव्हता.

आता त्या १७ नंबरकडे येतो.

जिनिव्हाजवळचं २७ किलोमीटरचं यंत्र २००८ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि नऊ दिवसांनी बंद पडलं. हजारो विजेच्या जोडांपैकी एक सदोष निघाला, कित्येक टन हेलियम बाहेर सांडला, आणि पुन्हा सुरू व्हायला वर्ष उलटलं. ही जोखीम डॉक्टरांच्या वहीत पहिल्या पानावर होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच यंत्राच्या ६६ हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर मुंगसासारखा एक प्राणी चढला, जागीच गेला, आणि यंत्रही बंद पडलं. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर फाइल. 'जोखीम क्र. १७ : मुंगूस किंवा तत्सम. उपाय : उपकेंद्राभोवती अर्धा इंची जाळी.'

निवृत्ती जवळ आलेला लेखाधिकारी किती कडक असतो, ते लेखाधिकारीच जाणतो. मी तीन शेरे मारले. एक, आवारात मुंगूस असल्याचा पुरावा जोडावा. दोन, 'किंवा तत्सम' हे शब्द मोघम असून त्याने खर्चाला धरबंध राहणार नाही, सबब गाळावेत. तीन, मुंगसासाठी दोन इंची जाळी पुरेशी असून ती स्वस्त आहे.

डॉक्टर स्वतः आले. पुरावा म्हणून मोबाइलवर मुंगसाचा फोटो. कॅन्टीनमागे पोह्यांच्या परातीशी उभं होतं. दोन इंचांवर ते पुष्कळ भांडले. मी कमीत कमी दराचं कोटेशन पुढे सरकवलं. त्यांनी सही केली, पण जाताना दारातून वळून म्हणाले, "भाऊसाहेब, तत्सम राहू द्या हो." मी म्हटलं, नियमात बसत नाही.

माझ्या शेवटच्या महिन्यात, भर दुपारी, दिवे गेले. तीन दिवस यंत्र बंद. उपकेंद्रात आप्पाने फावड्यावर उचलून आणली ती खार. शेपूट तेवढी शाबूत होती. दोन इंची जाळीतून ती अंग न चोरता आली असणार.

डॉक्टर काही बोलले नाहीत. संध्याकाळी शिपायाने वही आणून दिली. नवी नोंद होती, 'जोखीम क्र. ४३ : खार.' त्याखाली त्याच शाईत, 'जोखीम क्र. ४४ : लेखा विभाग.' उपायाचा रकाना कोरा.

सवयीने मी ४४ समोर शेरा मारला, 'पुरावा जोडलेला नाही', आणि वही परत पाठवली. अर्ध्या तासात ती आली. पुठ्ठ्याला सुतळीने एक जाळीचा तुकडा बांधला होता, दोन इंची, एका तारेला खारीचे चार केस.

मी सही केली.