मायोर्काला जायचं म्हणे!

— काय गं, काल रात्री बारा वाजून गेले तरी तुमच्या हॉलमधला दिवा चालू होता. पाहुणे आले होते का?

— कुठले पाहुणे, काकू! आम्ही दोघंच. भांडत होतो. ह्यांच्या डोक्यात मायोर्का शिरलंय.

— काय शिरलंय?

— मायोर्का. स्पेनचं बेट आहे ते. तिथं मानाकोर गावात नदालची अकादमी आहे ना, तिथं चिमीला पाठवायचं म्हणतात. शाळा ऑनलाइन करायची म्हणे.

— बारा वर्षांच्या पोरीला? थांब, हे कुठून आलं ते मी सांगते. त्या कोइम्बतूरच्या मायामुळे ना?

— तुम्हाला कसं कळलं?

— न कळायला काय झालं? दूरदर्शनवर विम्बल्डन दाखवायला लागले तेव्हापासून टेनिस बघतेय मी. माया राजेश्वरन रेवती. ती मानाकोरला गेली, पेपरात फोटो आले, आणि टेनिस खेळणाऱ्या पोरींच्या बापांची झोप उडाली. तुझा नवरा काही एकटा नाही हो.

— पण काकू, खेळलीच ना ती तशी! मुंबईत तर कमाल केली.

— केलीच. मी होते की तिथं. 2025 चा फेब्रुवारी, सीसीआयची म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची कोर्टं, बायकांची स्पर्धा. माझी बहीण दादरला असते, तिच्याकडे गेले होते, तीच घेऊन गेली. पंधरा वर्षांची पोर, बायकांच्या क्रमवारीत तोवर नावसुद्धा नाही. क्वालिफाइंगमधून आली आणि थेट सेमीफायनलला. जपानच्या यामागुचीबरोबरची मॅच तीन सेट चालली. दुसरा सेट गेला तेव्हा माझी बहीण म्हणाली, आता दमली बघ, संपलं. कसलं संपतंय! तिसरा 6-2 ने घेतला.

— हे तेच तर सांगत होते रात्री.

— आणि सेमीफायनलचं सांगितलं का? नाही सांगायचा. समोर जिल टाइखमन होती, स्वित्झर्लंडची, डावखुरी. एके काळी जगात एकविसावी. 2021 मध्ये सिनसिनाटीला ओसाकाला हरवून फायनलपर्यंत गेलेली बाई. 6-3, 6-1. तासाभरात आटोपलं म्हण ना. मला विचारशील तर त्या आठवड्यातली सगळ्यात कामाची मॅच तीच. आधीच्या मॅचेसमध्ये माया काय करू शकते ते दिसलं, आणि ह्या मॅचमध्ये अजून किती बाकी आहे ते दिसलं. पण पेपरवाल्यांना आधीचंच आवडतं.

— हरली तरी तेव्हा पंधरा वर्षांची होती हो ती.

— तेच म्हणतेय मी! पंधरा वर्षांची होती. घाई कसली? त्याच सीसीआयवर 2017 मध्ये साबालेंका जिंकली होती, माहितेय? तेव्हा एकोणीस वर्षांची. आज तिला जग ओळखतं, पण मुंबईत जिंकली तेव्हा तुझ्या नवऱ्यानं नाव तरी ऐकलं होतं का? आणि पहिली ग्रँड स्लॅम सिंगल्स तिला मिळाली 2023 मध्ये. मधली वर्षं मोज.

— काकू, पण ज्युनिअरमध्येच पुढं गेलं पाहिजे, नाहीतर मागं पडतात, असं कोच म्हणतात.

— कोच म्हणणारच गं. ज्युनिअरचं एक वेगळंच जग असतं. जे-30 पासून सुरू, मग जे-60, जे-100, असं करत जे-500 पर्यंत. पॉइंट मिळतात, पैसा शून्य. तिथं सगळ्या एकाच वयाच्या पोरी, सगळ्यांच्या आया कोर्टाबाहेर डबे घेऊन. आणि एक दिवस ही पोर बायकांच्या डब्ल्यू-15 ला जाते. पंधरा म्हणजे पंधरा हजार डॉलर, पण सगळ्या स्पर्धेचे मिळून! पहिल्या फेरीत हरलीस तर हातात दीडशे डॉलरच्या आसपास. त्यात हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग, कोचचं तिकीट. समोर कोण? अठ्ठावीस वर्षांची बाई, जी दहा वर्षं हेच करतेय आणि जिला ह्या मॅचच्या पैशातून पुढच्या गावाचं तिकीट काढायचंय. ती तुझ्या चिमीला एक पॉइंट फुकट देणार आहे का?

— तरी क्रमवारीत नाव आलं की...

— नाव यायलाही नियम आहे. तीन स्पर्धांमध्ये पॉइंट मिळव, नाहीतर एकूण दहा तरी कर. मायानं एका मुंबईत ते काम उरकलं, म्हणून तर सगळे थक्क झाले. एरवी पोरी वर्ष-वर्ष मोनास्तिर आणि अंताल्याच्या फेऱ्या मारतात त्यासाठी.

— म्हणजे तुमचं म्हणणं, पाठवू नये.

— मी कुठं तसं म्हटलं? मी कॅप्रिआतीची गोष्ट सांगते, मग तूच ठरव.

— कोण कॅप्रिआती?

— हे बघ! जेनिफर कॅप्रिआती. अमेरिकेची. मार्च 1990 मध्ये प्रोफेशनल झाली तेव्हा चौदा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तिला. पहिल्याच स्पर्धेत फायनल. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची सेमीफायनल. 92 ला बार्सेलोना ऑलिम्पिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक. घरात टीव्हीसमोर आम्ही सगळे. माझी सासू म्हणाली होती, ह्या मुलीला कोणी जेवायला तरी देतं का वेळेवर? आम्ही हसलो. पुढच्या वर्षी पोरीनं रॅकेट खाली ठेवली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पोलिसांनी धरल्याची बातमी आली.

— बाई गं!

— परत आली हो ती. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच दोन्ही जिंकली. पण मधली ती वर्षं कोण देणार? तिच्यामुळंच 1995 पासून कोवळ्या पोरींनी बायकांच्या किती स्पर्धा खेळायच्या, तो नियम कडक झाला. आता चौदाव्या वर्षी आठ स्पर्धा, पंधराव्या वर्षी दहा, सोळाव्याला बारा, सतराव्याला सोळा. फार चांगलं खेळलीस तर दोन-चार वाढवून मिळतात. आणि गंमत ऐक, नियम लागायच्या आत व्हीनस विल्यम्स आणि हिंगिस, दोघी ऑक्टोबर 94 मध्ये घुसल्या. दोघी चौदाच्या. शाळेत जूनच्या आत नाव घालायला आईबाप कसे जन्मतारखेवरून हुज्जत घालतात, तसलाच प्रकार.

— मग माया सुद्धा वर्षभर खेळू शकत नव्हती?

— बायकांच्यात नाही. म्हणून उरलेले आठवडे ज्युनिअर. तो काळ फुकट जात नाही गं, सर्व्हिस सुधार, खांदा सांभाळ, हरायला शीक. आपल्याकडं लोकांना हे मधलं काही दिसतच नाही. युकी भांबरी आठवतो? 2009 ला ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर जिंकला, ज्युनिअरमध्ये जगात पहिला. मोठ्यांच्यात सिंगल्सला 83 पर्यंत यायला 2018 उजाडलं. गुडघ्यानं छळलं बिचाऱ्याला. आता डबल्समध्ये झकास चाललंय.

— आणि सानिया?

— सानियाचं चटकन झालं. 2003 ला विम्बल्डनमध्ये मुलींची डबल्स, 2005 ला हैदराबादला बायकांची स्पर्धा जिंकली. पण तसं एखादीचंच होतं. आपल्याच पुण्यात बघ ना, अंकिता रैना. अहमदाबादहून लहानपणी इथं आली, हेमंत बेंद्र्यांकडे शिकली. पहिल्या दोनशेत पोचली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. आहे का कुणाच्या तोंडी तिचं नाव? ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सासला कॉलेजकडून खेळली, पदवी घेतली, आणि मग हांगझोऊच्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्डचं सुवर्ण. वैष्णवी आडकर तर अगदी आपल्यातली, 2025 च्या जुलैत जर्मनीत विद्यापीठांच्या जागतिक खेळांत सिंगल्सचं ब्राँझ घेऊन आली. ह्यातली एकही मायोर्काहून आलेली नाही.

— हे मी रात्री म्हणायला हवं होतं.

— तू काय म्हणालीस?

— मी म्हटलं, पैसे कुठून आणणार? तर म्हणाले, तळेगावचा प्लॉट आहे.

— अरे देवा! प्लॉट! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांनीही प्लॉटच विकला होता. तो मुलगा आता सकाळी सहाला टोपलीतून बॉल काढून बारक्या पोरांना फीड करतो. चांगला शिकवतो हो, तक्रार नाही. पण आई अजून त्या प्लॉटजवळून जाताना बसमध्ये तोंड फिरवते.

— काकू, हळू बोला. ते लोक ऐकतील.

— ते नाही ऐकत, ते महाबळेश्वरला गेलेत. मला सांग, चिमीची दहावी कधी?

— अजून तीन वर्षं.

— तोवर इथंच बालेवाडीला खेळू दे की. देशातच जे-30 होतात, त्यातल्या चार खेळवा. जिथं हरेल तिथं कशी हरते ते बघा. घरी येऊन रडून झोपते, का दुसऱ्या दिवशी आपणहून रॅकेट उचलते? त्यावर पुढचं ठरेल. मायाही आधी कोइम्बतूरलाच घडली, विमानात नंतर बसली. हे तुझ्या नवऱ्याला सांग.

— मी सांगून काही उपयोग नाही. तुमचं ऐकतात ते.

— मग संध्याकाळी येते चहाला. आलं घाल जरा.

— काकू... वरती बघू नका. ते गॅलरीत उभे आहेत. केव्हाचे, कोण जाणे.

— माहितेय मला. कॅप्रिआतीपासून उभा आहे. म्हणून तर एवढ्या मोठ्यानं बोलतेय.