संगणक तास कसा घ्यावा : नव्या गुरुजींसाठी सूचना

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालात आणि हजेरीपटाबरोबर संगणकही गळ्यात पडला, तर आधी किल्ली शोधा. ती कपाटात असते. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याला मीटिंगला गेलेली असते. तोवर मुलांना वहीत मॉनिटर, कीबोर्ड, माउसची चित्रं काढायला लावा. नावं पाठ होतात, वस्तू झिजत नाही.

खोली उघडली की लोकवर्गणीतून आलेला संच दिसेल. उद्‌घाटनाचं हळदीकुंकू मॉनिटरवर अजून असेल. पुसू नका, वर्गणीदार गावातच राहतात. मग वीज बघा. नसेल तर बिल थकलंय की तार तुटलीय या चौकशीत पडू नका, सत्र संपेल.

वीज असली तरी घाई नको. आधी यू-डायस आणि सरल या सरकारी साइट, पोषण आहाराची नोंद, आधार न जुळणाऱ्यांची यादी. तेवढ्यात घंटा होते. शाळेतला संगणक मुलांची माहिती भरण्यासाठीच असतो, हे मुलांनाही खिडकीतून दिसत असतं.

तरी एखाद्या दिवशी साइट बंद पडली आणि पोरं आत घुसलीच, तर पेंट उघडून द्या. सगळे झोपडीच काढतील, मागे दोन डोंगर, मधे सूर्य. आता रंगाची बादली दाखवा आणि गप्प बसा. (गप्प बसायला डी.एड.ला शिकवत नाहीत.) झोपडीच्या रेषेत कुठेतरी ठिपक्याएवढी फट राहिलेली असते. भिंतीत ओतलेला लाल रंग तिथून निसटतो आणि अंगण, आभाळ, मोकळं सापडेल ते सगळं लालेलाल. वर्गात एकच बोंब. मग एखादी पोर कंट्रोल धरून झेड दाबते, भिंगाचं चित्र दाबून रेघ मोठी करते, ठिपका ठिपका तपासत फट बुजवते आणि पुन्हा बादली ओतते. तेव्हा ‘अगं, असं नाही, आण इकडे’ म्हणत माउस हिसकावून घेऊ नका. चूक शोधायची कशी, हे ती शिकतेय. ते संगणकाच्या भागांच्या नावांत कुठेच नाही.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट मांडणी घ्या. ‘कमळ’ लिहायला के, सी आणि शिफ्ट धरून एन. के म्हणजे क, शिफ्टला ख. एल म्हणजे त, शिफ्टला थ. पहिलीतल्या पोराला इंग्रजी अक्षरं येत नसतील तर बरंच, डोक्यात गोंधळ नसतो. तुमचा हात कृतिदेव फॉन्टच्या मांडणीवर बसला असेल तर तुम्ही जरा मागे सरा.

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात. पाठ्यपुस्तकांत असे कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. भाषणात त्यांचं नाव घ्यायला सोपं जातं. कोड स्कॅन करायला मात्र तुमचाच मोबाइल लागतो आणि रेंजसाठी मारुतीच्या पारावर जावं लागतं. कविता रंगात आली की स्क्रीनवर गटाचा मेसेज झळकतो : ‘माहिती तात्काळ पाठवा.’ मुलं तो खणखणीत वाचतात. प्रकट वाचन म्हणून नोंद करा.

तपासणीला साहेब येतील. खोलीला कुलूपच असायचं, तेव्हा ‘कक्ष स्वच्छ, समाधानकारक’ असा शेरा मिळायचा. आता ‘कीबोर्डवर खिचडीचे डाग आढळले, दक्षता घ्यावी’ असा मिळेल. सही करा, आणि त्याच टपालात नव्या कीबोर्डची मागणी जोडा. कारणाच्या रकान्यात लिहा : अक्षरं पुसली गेली.